वेगळे व्हायचे, पण मुंबईचे काय?

केसरीवाड्यातला झेंडा

नारायण पेठेत रमणबागेकडून चालत आले की केसरीवाड्याचा दरवाजा लागतो. हा मूळचा गायकवाड वाडा. बडोद्याच्या गायकवाडांकडून तो लोकमान्य टिळकांनी १९०५ साली घेतला. आत टिळकांच्या वस्तूंचे संग्रहालय आहे, केसरीचे ग्रंथालय आहे. मादाम कामा यांनी १९०७ साली जर्मनीतल्या श्टुटगार्ट येथे समाजवाद्यांच्या परिषदेत फडकवलेला झेंडाही याच संस्थेने जपला आहे. इंग्रजांचा डोळा चुकवून तो हिंदुस्थानात आणला इंदुलाल याज्ञिक यांनी.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी विषय दिला तो फारकतीचा: एका मोठ्या संघातून एखादा घटक बाहेर पडू लागतो, तेव्हा लोक आपसांत कसे भांडतात. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले, तो वाद ताजा आहे. पण नारायण पेठेत उभे राहिले की याज्ञिकांचे नाव वेगळीच दिशा दाखवते. हेच इंदुलालचाचा पुढे महागुजरात आंदोलनाचे नेते झाले. अहमदाबादेत ते ज्या राज्यातून गुजरात बाहेर काढू पाहत होते, त्याच राज्यातून महाराष्ट्र बाहेर काढण्यासाठी केसरीची लेखणी चालत होती. १ नोव्हेंबर १९५६ ते ३० एप्रिल १९६० अशी साडेतीन वर्षे कच्छपासून चांद्यापर्यंत पसरलेले द्वैभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात होते. त्यातल्या दोन्ही मोठ्या भाषिक समाजांना त्यात राहायचे नव्हते. तरीही ते मोडायला इतका काळ आणि इतके जीव का जावे लागले?

कारण बाहेर पडण्याबद्दल मतभेद नव्हता. भांडण होते ते मुंबईवरून.

पाणी तानसाचे, वीज मुळशीची

फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल १९५५ च्या ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध झाला. आंध्राला, केरळला, कर्नाटकाला भाषेचे तत्त्व लागू झाले. मराठी आणि गुजराती मुलुखाला मात्र एकत्र ठेवण्याची शिफारस झाली, शिवाय विदर्भ वेगळा. मुंबई शहरात मराठी बोलणारे निम्म्याहून कमी होते, हे आयोगाने ध्यानात घेतले. शहरातल्या गिरण्या, पेढ्या आणि व्यापारात गुजराती, पारशी भांडवल मोठे होते. पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांच्यासारख्या उद्योगपतींच्या मुंबई नागरिक समितीचे म्हणणे असे की हे शहर कोणा एका भाषेचे नाही, त्याचा कारभार वेगळाच असावा.

या म्हणण्याला उत्तर देण्यात पुण्याचा वाटा मोठा होता, आणि ते उत्तर नुसत्या भावनेचे नव्हते. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ संयुक्त महाराष्ट्र परिषदेच्या कामात होते. शहराची मालकी मोजायची तर भांडवल कोणाचे एवढेच पाहून चालणार नाही, शहर कशावर जगते तेही पाहावे लागेल, हा त्या मांडणीचा गाभा. मुंबईचे पिण्याचे पाणी ठाणे जिल्ह्यातल्या तानसातून, वैतरणेतून येई. गिरण्यांची वीज सह्याद्रीतून येई: खोपोली, भिवपुरी, भिरा. भिऱ्याच्या विजेसाठी मुळशीचे खोरे बुडाले. सेनापती बापटांचा मुळशी सत्याग्रह १९२१ सालचा. त्यांनी त्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांसाठी तुरुंगवास सोसला, आणि चौतीस वर्षांनी, उतारवयात, संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबईत मोर्चा काढला. गिरण्यांत राबणारे हात रत्नागिरी, सातारा, कोल्हापुरातून आलेले. आईबाप गावी, पोर खोलीत, मनीऑर्डर महिन्याला.

हा युक्तिवाद आजही वाचताना पटतो. मुळशीच्या शेतकऱ्याने जमीन दिली, मग त्या विजेवर उभ्या राहिलेल्या शहरात त्याला परके ठरवायचे, हे अन्यायाचेच होते. दुसऱ्या बाजूचे भयही खोटे नव्हते, हेही इथे लिहून ठेवले पाहिजे. पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत राहिलेल्या गुजराती कुटुंबाला आपण उद्या इथे पाहुणे ठरणार का, असे वाटत होते, आणि त्या दिवसांतल्या दंगलींनी ते भय वाढवले.

एकाच शहरात, एकाच पक्षात

बाहेर पडण्याच्या भांडणात समोरची बाजू ठरलेली असते असे दुरून वाटते. पुण्यात तसे नव्हते. इथे वाद घराघरात आणि पक्षापक्षात होता.

काकासाहेब गाडगीळ हे पुण्याचे काँग्रेसचे खासदार. नेहरूंच्या पहिल्या मंत्रिमंडळात ते होते. लोकसभेत मुंबईसह महाराष्ट्राची बाजू त्यांनी कोणाचीही भीड न ठेवता मांडली. पण पक्ष सोडला नाही. केशवराव जेधे यांनी सोडला. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली ती जेध्यांच्या नेतृत्वाखाली, सरचिटणीस एस. एम. जोशी. त्याआधी १९५५ च्या डिसेंबरात फलटणला यशवंतराव चव्हाणांनी जाहीर केले होते की नेहरू आणि संयुक्त महाराष्ट्र यांतून निवडायची वेळ आली तर आपण नेहरूंच्या मागे जाऊ. त्या वाक्याबद्दल त्यांना गावोगाव काळी निशाणे पाहावी लागली. शंकरराव देवांनी वर्षानुवर्षे संयुक्त महाराष्ट्र परिषद चालवली, आणि ऐन लढ्यात ते बाजूला पडले.

यांतले कोणीही महाराष्ट्राचे शत्रू नव्हते. एकाला वाटे पक्षात राहूनच काम होईल, दुसऱ्याला वाटे पक्षात राहिलो तर काम होणारच नाही. या दोन मतांत आजही निवाडा करणे सोपे नाही. रस्त्यावर रेटा नसता तर दिल्ली हलली नसती, हे खरे. चव्हाणांसारखा माणूस आत नसता तर दिल्लीला आपला निर्णय मागे घेण्याची वाट सापडली नसती, हेही खरे.

समितीत कम्युनिस्ट आणि हिंदुमहासभावाले एका व्यासपीठावर आले. शेतकरी कामगार पक्ष, प्रजासमाजवादी आणि शेड्यूल्ड कास्ट्‌स फेडरेशनही होते. केसरीचे जयंतराव टिळक या चळवळीत उतरले. फेडरेशनचा सहभाग तर विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५५ साली भाषिक राज्यांवर पुस्तक लिहिले, त्यात त्यांनी एका मोठ्या महाराष्ट्राऐवजी चार राज्ये सुचवली होती: मुंबई शहर, पश्चिम, मध्य आणि पूर्व महाराष्ट्र. मोठ्या राज्यात लहान समाजांचे काय होते, हा त्यांचा प्रश्न होता. तरी त्यांचा पक्ष समितीत आला, आणि १९५७ साली दादासाहेब गायकवाड नाशिकमधून लोकसभेवर गेले. समितीच्या बहुमतापुढे बाबासाहेबांचा प्रश्न तेव्हा मागे पडला. तो संपला मात्र नाही. त्याची गाठ पुढे पेठेतल्याच अभ्यासिकांत पडते.

चळवळीची किंमत ज्यांनी दिली ते पुढारी नव्हते. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला. १६ जानेवारी १९५६ ला मुंबई केंद्रशासित होणार असे नेहरूंनी रेडिओवरून सांगितले, त्यानंतरच्या दिवसांत पुन्हा गोळ्या चालल्या. शंभरावर माणसे गेली. हुतात्मा चौकातली नावे वाचली तर गिरणी कामगार आणि गल्लीबोळांतली पोरे दिसतात. अहमदाबादेतही ८ ऑगस्ट १९५६ ला काँग्रेस भवनापाशी विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यांना गुजरात हवा होता. दोन शहरांतली ही पोरे एकमेकांविरुद्ध लढत नव्हती. दोघांनाही एकाच राज्यातून बाहेर पडायचे होते.

मते मोजायची कुठे?

द्वैभाषिकाच्या वेळी सार्वमत झाले नाही. जून १९५६ मध्ये मुंबईतल्या काँग्रेस महासमितीच्या बैठकीत नेहरूंनी सुचवले की मुंबई पाच वर्षे केंद्राकडे राहील, मग तिथल्या लोकांना ठरवू द्या. पण ‘तिथले लोक’ म्हणजे शहरातले, की शहराला पाणी-वीज-मजूर देणाऱ्या मुलुखातलेही? अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी राजीनामा दिला, आणि मंत्रिमंडळाला न विचारता असे निर्णय कसे घेतले जातात, हे जुलैमध्ये लोकसभेत उभे राहून विचारले. ऑगस्टमध्ये हा बेत मागे पडला आणि अचानक विशाल द्वैभाषिक पुढे आले.

मग सार्वमताचे काम १९५७ च्या निवडणुकीने केले. पुण्यात काकासाहेब गाडगीळ पडले, ना. ग. गोरे निवडून आले. शुक्रवार पेठेतून एस. एम. जोशी विधानसभेत गेले. बारामतीतून जेधे, राजापुरातून नाथ पै, मुंबईतून डांगे लोकसभेत गेले, दादरमधून आचार्य अत्रे विधानसभेत. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची धूळधाण झाली. तरीही ३९६ जागांच्या विधानसभेत काँग्रेसला २३४ जागा मिळाल्या आणि चव्हाण मुख्यमंत्री राहिले. ते बहुमत गुजरात, सौराष्ट्र, विदर्भ आणि मराठवाड्याचे होते.

म्हणजे सगळ्या राज्याची गोळाबेरीज एक सांगत होती आणि त्याच राज्याचा एक मोठा तुकडा नेमके उलटे सांगत होता. ब्रिटनमध्ये २३ जून २०१६ ला हेच घडले. देशभर मोजले तर ५१.९ टक्के लोकांनी युरोपीय संघ सोडावा म्हटले, पण स्कॉटलंडमध्ये ६२ टक्के आणि उत्तर आयर्लंडमध्ये ५५.८ टक्के लोकांनी राहावे म्हटले. त्यांना त्यांच्या मनाविरुद्ध बाहेर काढले गेले, अशी तिथे अनेकांची भावना आहे. पश्चिम महाराष्ट्राची १९५७ साली हीच भावना होती, फक्त त्याला मनाविरुद्ध आत ठेवले गेले होते. रेघ कुठे ओढायची हे आधीच ठरलेले असते, मोजणी नंतर होते. ब्रिटनने एकाच दिवशी विचारले आणि उत्तर कायमचे धरले. मुंबई राज्यात मात्र चार वर्षे मोर्चे, पोटनिवडणुका, अग्रलेख आणि शाहिरांचे फड यांतून पुन्हापुन्हा विचारले गेले. ३० नोव्हेंबर १९५७ ला प्रतापगडावर शिवरायांच्या पुतळ्याच्या अनावरणाला नेहरू आले, तेव्हा वाटेत समितीने हजारोंचा निषेध उभा केला. तरी कारभार कोलमडला नाही. सावकाश झालेला तो निर्णय टिकला, याचे एक कारण बहुधा हेच असावे.

या पेठेचा आणि लंडनचा एक जुना धागाही आहे. केसरीचे संपादक न. चिं. केळकर यांच्या पुढाकाराने १९३२ साली लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळ उभे राहिले, आणि डॉलिस हिलला त्याची वास्तू आहे. ज्यांच्या नावाचा रस्ता नारायण पेठेतून जातो त्या केळकरांचे मंडळ आज अशा देशात गणपती बसवते, ज्याने संघाबाहेर पडण्याची बोलणी, हिशेब आणि मनस्ताप नुकताच अनुभवला.

फारकतीचा हिशेब

राज्य मोडायचे ठरल्यावर खरे किचकट काम सुरू होते. मुंबई पुनर्रचना कायदा १९६० च्या एप्रिलमध्ये झाला. त्याची कलमे वाचली की आंदोलनातल्या घोषणांचे रूपांतर कारकुनी कामात कसे होते ते दिसते. कर्ज कोणाच्या डोक्यावर, येणी कोणाची, न्यायाधीश कोणत्या उच्च न्यायालयात, कोणता अधिकारी कुठे, निवृत्तिवेतन कोणी द्यायचे. गुजरातकडे राजधानी नव्हती. ती बांधण्यासाठी आणि सुरुवातीची तूट भरून काढण्यासाठी महाराष्ट्राने ठरावीक रकमा द्यायच्या, असे ठरले. ज्यांनी गोळ्या खाल्ल्या त्यांच्या राज्याने पुन्हा पैसे का द्यावेत, असा सवाल तेव्हा विचारला गेला. ब्रिटननेही बाहेर पडताना आधी कबूल केलेल्या देण्यांपोटी मोठी रक्कम दिली. २०१८ च्या अंदाजाप्रमाणे ती ३५ ते ३९ अब्ज पौंड होती, आणि त्यावर तिथल्या संसदेत असाच संताप उसळला. एकत्र संसारात जे घेतले त्याचा हिशेब उठताना द्यावाच लागतो, एवढा रोकडा व्यवहार आंदोलनाच्या काळात कोणी सांगत नाही.

सीमेचेही तसेच. डांग गुजरातला गेले. उंबरगाव तालुक्यातली काही गावे आणि पश्चिम खानदेशातली काही गावेही गेली. बेळगाव आधीच कर्नाटकात गेलेले होते आणि तिथला वाद आजही सर्वोच्च न्यायालयात आहे. ज्या बडोद्याच्या गायकवाडांचा हा केसरीवाडा होता, त्यांच्या शहरातली मराठी कुटुंबे सीमेपलीकडे राहिली. त्यांना कोणी विचारले नाही.

सीमा प्रत्यक्षात कशी जगली जाते ते नवापूरच्या रेल्वे स्थानकात दिसते. सुरत-भुसावळ मार्गावरच्या या स्थानकातून राज्याची हद्द जाते. फलाटाचा काही भाग महाराष्ट्रात, काही गुजरातेत. तिकीट खिडकी महाराष्ट्रात आणि स्टेशन मास्तरांची खोली गुजरातेत. घोषणा मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजीत होतात. भिंत नाही, तपासणी नाही. आयर्लंडमध्ये अशीच उघडी सीमा टिकवायची म्हणून ब्रिटन आणि युरोपीय संघाला अनेक वर्षे वाटाघाटी कराव्या लागल्या, आणि २०२३ च्या विंडसर करारापर्यंत त्या चालल्या. नवापूरला ते जमले, कारण दोन्ही राज्ये एकाच देशात राहिली, जकात आणि पासपोर्ट यांचा प्रश्नच आला नाही. वेगळे होण्याची किंमत किती, हे वेगळे झाल्यावर वर कोणते छप्पर उरते त्यावर ठरते.

अभ्यासिकांतला विदर्भ

नारायण पेठेत आज सगळ्यात जास्त पाट्या कशाच्या, असे कोणी विचारले तर उत्तर अभ्यासिका. पत्र्या मारुती, मुंजाबाचा बोळ, मोदी गणपती, कुठेही वळले तरी जुन्या वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींत वरच्या मजल्यावर टेबलांच्या रांगा दिसतात. खाली झेरॉक्स, पुस्तके, मेस, चहाची टपरी. राज्यसेवेची तयारी करणारी मुले-मुली इथे राहतात. त्यांतली कितीतरी यवतमाळ, वाशीम, बुलढाणा, हिंगोली, नांदेड इथली. फाजल अली आयोग, नागपूर करार, संयुक्त महाराष्ट्र समिती हे त्यांच्या अभ्यासक्रमातले विषय. तारखा पाठ केल्या जातात, प्रश्नपत्रिका सोडवल्या जातात.

पण याच मुलांच्या गावांचा प्रश्न त्या तारखांमध्ये अडकलेला आहे. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला सांगितले होते की तुम्ही संयुक्त महाराष्ट्रात या, नोकऱ्यांत, शिक्षणात आणि खर्चात लोकसंख्येप्रमाणे वाटा मिळेल, वर्षातून एक अधिवेशन नागपूरला होईल. आयोगाने वेगळा विदर्भ सुचवला असतानाही तो महाराष्ट्रात आला. सगळ्यांना ते मान्य नव्हते. १९६२ साली नागपूरने लोकनायक बापूजी अणे यांना विदर्भाच्या मागणीवर लोकसभेत पाठवले, १९७१ साली जांबुवंतराव धोटे यांना.

वाटा मिळाला का, हे मोजायचे काम पुन्हा पुण्याकडेच आले. गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर यांच्या समितीने १९८४ साली अनुशेष काढला: रस्ते, सिंचन, वीज, शाळा, दवाखाने यांत कोणता जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा किती मागे, त्याचा रुपयांतला आकडा. तो सुमारे ३,१८७ कोटी होता. संविधानाच्या ३७१ (२) कलमाखाली विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांसाठी विकास मंडळे नेमण्याची तरतूद १९५६ पासूनची. ती प्रत्यक्षात आली १९९४ साली. पुढे विजय केळकर समितीनेही प्रादेशिक असमतोल पुन्हा तपासला. तेलंगणालाही १९५५ च्या आयोगाने स्वतंत्र राहण्याची मुभा सुचवली होती, करार करून त्याला आंध्रात घेतले, करार पाळले गेले नाहीत असा आक्रोश झाला, आणि २ जून २०१४ ला ते राज्य वेगळे झाले.

पुण्याने १९५६ साली जे मागितले ते विदर्भाने मागितले तर पुण्यात नाके का मुरडली जातात, हा प्रश्न इथे टाळता येत नाही. ‘मराठी माणूस एक’ हे उत्तर अपुरे आहे. द्वैभाषिकाच्या वेळी दिल्लीही ‘देश एक’ असेच म्हणत होती. मुंबईची वीज मुळशीची आहे म्हणून मुंबईवर महाराष्ट्राचा हक्क, असे आपण म्हटले. आज महाराष्ट्राच्या विजेचा मोठा भाग चंद्रपूर, कोराडी, खापरखेड्याच्या औष्णिक केंद्रांतून येतो. त्या कोळशाची राख चंद्रपूरकरांच्या अंगावर पडते आणि दिवे पुण्या-मुंबईत लागतात. धनंजयरावांची पद्धत वापरली तर हिशेब कोणाच्या बाजूने झुकतो, ते आकडे न पाहताही कळते.

वेगळा विदर्भ झालाच पाहिजे, असा याचा अर्थ होत नाही. तिथेही मत दुभंगलेले आहे. नागपूरचा वकील आणि बुलढाण्याचा शेतकरी या प्रश्नावर सारखे बोलत नाहीत, आणि लहान राज्य झाले तरी कर्जाचा, पाण्याचा, सरकारी नोकऱ्यांचा हिशेब सुटेलच असे नाही. पण राहायचे असेल तर करार पाळावा लागतो. विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. योगायोगाने त्या दिवशी मध्यरात्री महाराष्ट्राला साठ वर्षे पूर्ण होत होती. राज्य मंत्रिमंडळाने २०२२ साली ती मंडळे पुन्हा स्थापन करण्याचा निर्णय घेतला. ती नावापुरती न राहता कामाला लागली, त्यांच्यासमोर दरवर्षी जिल्हावार खर्चाचे आकडे ठेवले गेले, तर पेठेतल्या अभ्यासिकेत बसलेल्या यवतमाळच्या मुलीला नागपूर करार फक्त परीक्षेसाठी वाचावा लागणार नाही. तिच्या तालुक्याला काय मिळाले आणि काय मिळाले नाही, ते तिला आकड्यानिशी विचारता येईल, आणि राहायचे की निघायचे यावर तिचे गाव त्या आकड्यांवरून वाद घालू शकेल.